ब्रेसेस चालू असताना दाताचं मूळ झिजतंय असं सांगितलं. एक्स-रेवरून हे नक्की कळतं का?

अबोली_ठाणे

नमस्कार. मुलगी चौदा वर्षांची आहे. नाशिकला असताना तिला ब्रेसेस लावल्या. मग यांच्या बदलीमुळे ठाण्याला आलो आणि पुढचे उपचार इथल्या डॉक्टरांकडे सुरू केले. त्यांनी पहिल्याच भेटीत ओपीजी (सगळ्या दातांचा एकत्र मोठा एक्स-रे) काढायला लावला आणि सांगितलं, वरच्या पुढच्या चारही दातांची मुळं आखूड झाली आहेत, रूट रिसॉर्प्शन म्हणजे मुळांची झीज आहे, तारा काही काळ थांबवाव्या लागतील. आधीच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, ब्रेसेसमध्ये थोडंफार होतंच, काळजी करू नका.

लेकीला काहीही दुखत नाही, दात हलत नाहीत, हिरड्या चांगल्या आहेत. ओपीजी मोबाइलवर मोठा करून बघते तेव्हा खालच्या दातांची मुळं स्वच्छ टोकापर्यंत दिसतात, पण वरच्या पुढच्या दातांची टोकं पुसल्यासारखी धूसर. ती खरंच नाहीत की दिसत नाहीत, हे मला कळत नाही. एका एक्स-रेवरून एवढा मोठा निर्णय घ्यायचा का? सीबीसीटी (दात सगळ्या बाजूंनी दाखवणारा त्रिमितीय स्कॅन) काढून घ्यावं का? आणि मुळं आखूड झाली तर हे दात पुढे टिकतात का? कुणी यातून गेलं असेल किंवा या क्षेत्रातलं कुणी असेल तर कृपया सांगा.

मधुमालती

माझ्या भाच्याचंही असंच सांगितलं होतं, पण पुढे काय झालं ते विचारून सांगते. धागा वाचतेय.

एक्सरेवाली

अबोलीताई, मी डेंटल कॉलेजात ओरल रेडिओलॉजी शिकवते. तुमच्या लेकीचे फोटो न बघता निदान करणार नाही, पण तुम्ही लिहिलेली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे: खालची टोकं स्पष्ट आणि वरची धूसर.

ओपीजीचं यंत्र डोक्याभोवती फिरतं आणि जबड्याचा एक ठरावीक पट्टाच स्पष्ट टिपतं. दाढांपाशी हा पट्टा बऱ्यापैकी रुंद असतो, पुढच्या दातांपाशी अगदी अरुंद. त्या पट्ट्याच्या बाहेर जे जाईल ते धूसर होतं किंवा लांबी-रुंदी बदलून दिसतं. एक्स-रे काढताना मुलीची हनुवटी जराशी वर उचलली गेली असेल, तर वरच्या पटाशीच्या दातांची मुळं पट्ट्याबाहेर जातात आणि टाळूच्या हाडाची आडवी पांढरी सावली नेमकी मुळांच्या टोकांवर येऊन बसते. हे ओळखायला सोपं आहे. ओपीजीत दातांच्या चावण्याची रेषा हसल्यासारखी हलकी खाली वळलेली दिसायला हवी. ती सपाट किंवा उलटी वळलेली असेल तर हनुवटी वर होती असं समजा. तसं असेल, तर त्या फोटोवरून वरच्या मुळांच्या टोकांबद्दल कुणीच ठामपणे बोलू नये.

फोटो नीट निघाला असला तरी पुढच्या दातांची मुळं मोजायला ओपीजी कमी पडतो. २००१ मध्ये समेशिमा आणि असगरिफार यांनी ओपीजी आणि लहान एक्स-रे यांची तुलना केली. ओपीजीवर मोजलं तर मूळ जेवढं खरंच झिजलंय त्यापेक्षा २० टक्के किंवा त्याहूनही जास्त झिजल्यासारखं दिसू शकतं, असं त्यांना आढळलं. म्हणजे ओपीजी हा धोक्याची शंका घ्यायला चांगला, धोका मोजायला नाही.

त्यामुळे आत्ता हवा आहे तो वरच्या चार दातांचा लहान एक्स-रे, म्हणजे ज्याला दवाखान्यात सगळे आरव्हीजी म्हणतात तो. पण तोही होल्डर लावून काढलेला हवा. होल्डर सेन्सर, म्हणजे तोंडात ठेवायची फोटो टिपणारी चकती, दाताला समांतर धरतो. बोटाने सेन्सर दाबून धरून काढला की नळीचा कोन जरा जास्त झाला तरी दात आखूड दिसतो, जरा कमी झाला तरी लांब दिसतो. म्हणजे ज्या गोष्टीचं माप घ्यायचं तीच गोष्ट कोनाने बदलते.

यावर एक साधी तपासणी आहे आणि ती तुम्ही स्वतःही करू शकता. ब्रेसेसमुळे दाताचा वरचा, दिसणारा भाग आखूड होत नाही. आधीचा आणि आत्ताचा, एकाच प्रकारचे दोन एक्स-रे शेजारी ठेवा. दोन्हींत त्या दाताच्या कडेपासून इनॅमल जिथे संपतं तिथपर्यंतचं अंतर मोजा, मग तिथून मुळाच्या टोकापर्यंतचं. दोन्ही अंतरं साधारण त्याच प्रमाणात कमी झाली असतील तर कोन बदललाय. पहिलं अंतर तेवढंच आणि मुळाचं कमी, तर मूळ खरंच झिजलंय.

किती झिजलंय यासाठी मामग्रेन यांची १९८२ ची प्रतवारी अजून वापरात आहे. पहिल्या प्रतीत मुळाची बाह्यरेषा फक्त ओबडधोबड होते, लांबी तेवढीच राहते. दुसरीत २ मिलिमीटरपेक्षा कमी घट. तिसरीत २ मिलिमीटरपासून मुळाच्या एक तृतीयांशापर्यंत. चौथीत त्याहून जास्त. नव्या डॉक्टरांना विचारा: कोणत्या दाताची कितवी प्रत? "चारही दात" हे उत्तर पुरेसं नाही. आणि जुन्या डॉक्टरांनी ब्रेसेसआधी काढलेला ओपीजी किंवा आरव्हीजी मागून घ्या. तो मिळाल्याशिवाय तुलनेला काहीच नाही. काही जणांची मुळं जन्मतःच आखूड असतात.

अबोली_ठाणे

डॉक्टर, खूप खूप आभार. आत्ता पुन्हा बघितलं. चावण्याची रेषा सपाटच आहे! नाशिकच्या दवाखान्यातून आधीचा ओपीजी मेलवर मागवलाय. ब्रेसेस लावल्यापासून मध्ये एकही एक्स-रे झाला नव्हता. व्हायला हवा होता का?

तारांगण

मी ऑर्थोडॉन्टिस्ट. हो, व्हायला हवा होता. सुरू केल्यापासून साधारण सहा ते नऊ महिन्यांनी पुढच्या दातांचा एक लहान एक्स-रे काढावा, हा सल्ला स्वीडनमधल्या लेवांडर आणि मामग्रेन यांच्या १९८८ च्या अभ्यासापासून चालत आलाय. त्या टप्प्यावर ज्यांच्या मुळांत काही दिसत नाही, त्यांना शेवटी मोठी झीज होण्याची शक्यता कमी असते. ज्यांच्यात तेव्हाच दिसतं त्यांच्यावर लक्ष ठेवायचं. एवढ्या एका फोटोने पुढची दीड-दोन वर्षं कशी चालवायची ते कळतं.

थांबवणं म्हणजे तारा काढून टाकणं नव्हे. ओढ न लावणारी तार ठेवायची आणि दोन-तीन महिने दातांना विश्रांती द्यायची. त्या काळात झिजलेल्या जागेवर नवीन सिमेंटम, म्हणजे मुळावरचं कठीण आवरण, चढतं. मग पुन्हा हलक्या जोराने सुरू करायचं आणि गरज पडली तर उद्दिष्टच थोडं लहान करायचं. दात अगदी रेषेत आले नाहीत तरी चालेल, मूळ वाचलं पाहिजे.

आधीच्या डॉक्टरांचं "थोडं होतंच" हे चूक नाही. ब्रेसेसमध्ये बहुतेकांच्या मुळांना थोडीशी झीज होते आणि कुणाला कळतही नाही. मुळाचा तिसरा हिस्सा गेला अशी मोठी झीज शंभरात एक ते पाच जणांना होते. धोका कुणाला जास्त? ज्यांची मुळं आधीपासून टोकाशी निमुळती किंवा वाकडी असतात, ज्यांना आधी दातावर मार बसलाय, ज्यांचे दात हिरडीच्या दिशेने आत ढकलायचे असतात किंवा मूळ टाळूकडे फिरवायचं असतं, आणि ज्यांचे उपचार लांबतात त्यांना. लेकीला लहानपणी पुढच्या दातावर मार बसला होता का, हे नव्या डॉक्टरांना जरूर सांगा.

टिकण्याबद्दल विचारलंत. जोर थांबला की ही झीज थांबते, हे ब्रेसेसच्या रिसॉर्प्शनचं चांगलं लक्षण. आखूड मुळाचा दात, हिरडी आणि हाड निरोगी राहिलं तर वर्षानुवर्षं टिकतो. दाताला सगळ्यात घट्ट धरून ठेवतं ते दाताच्या मानेजवळचं, म्हणजे हिरडीलगतचं हाड, मुळाच्या टोकाकडचं नव्हे. म्हणून इथून पुढे हिरड्यांची काळजी तिच्यासाठी दुप्पट महत्त्वाची.

मैदान_गुरुजी

मी शाळेत क्रीडाशिक्षक आहे. कबड्डीत आमच्या बारा वर्षांच्या मुलाचा वरचा पुढचा दात मुळासकट निघाला. मी तो पेल्यातल्या दुधात ठेवला, मुलाला घेऊन लगेच गेलो, डॉक्टरांनी दात परत बसवला. आता ते सारखे एक्स-रे काढायला बोलावतात आणि मुलाचे वडील चिडलेत. दात बसलाय, दुखत नाही, मग पुन्हा पुन्हा एक्स-रे कशाला, असं ते मलाच विचारतात. त्यांना काय सांगू?

एक्सरेवाली

गुरुजी, दुधात ठेवून तुम्ही त्या दाताला सगळ्यात मोठी मदत केलीत. मुळावरच्या पेशी कोरड्या हवेत तासाभरात मरतात. दुधात त्या तग धरतात.

वडिलांना असं सांगा. बसवलेला दात दिसायला ठीक असतो, पण त्याचं मूळ दोन वेगळ्या प्रकारांनी जाऊ शकतं आणि दोन्ही सुरुवातीला दुखत नाहीत.

पहिला प्रकार दाताच्या आतल्या मेलेल्या नसेतून येणाऱ्या संसर्गाचा. हा वेगाने चालतो. एक्स-रेत मुळाच्या बाजूला वाटीसारखे काळे खड्डे दिसतात आणि त्यांच्यासमोरचं हाडही काळं पडतं. दोन-तीन आठवड्यांतच हे दिसायला लागू शकतं आणि काही महिन्यांत मूळ संपवू शकतं. चांगली गोष्ट अशी की रूट कॅनाल केलं की हे थांबतं. म्हणूनच दंत-अपघातांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत, मूळ पूर्ण बनलेल्या दातासाठी दोन आठवड्यांच्या आत रूट कॅनाल सुरू करायला सांगितलंय. या मुलाचं झालंय का, तेवढं विचारा.

दुसऱ्या प्रकारात मूळ हाडालाच चिकटतं आणि हाड हळूहळू मुळाची जागा घेतं. एक्स-रेत मूळ आणि हाड यांच्यामधली जी बारीक काळी रेघ असायला हवी तीच नाहीशी होते. काळे खड्डे दिसत नाहीत, मूळच हाडात विरून गेल्यासारखं दिसतं. इथे डॉक्टरांचे कान एक्स-रेच्या आधी सांगतात. आरशाच्या दांड्याने टिचकी मारली की शेजारच्या दातांचा आवाज मऊ आणि याचा टणक, धातूवर मारल्यासारखा. वाढीच्या वयात असा दात जागच्या जागी राहतो आणि बाकीचा जबडा वाढतो, त्यामुळे तो दरवर्षी आणखी वर चढल्यासारखा आखूड दिसतो. हे थांबवणारा उपचार नाही, पण वेळेत कळलं तर वरचा भाग काढून मूळ हाडात तसंच ठेवतात. त्याने हाडाची रुंदी टिकते आणि मोठेपणी इम्प्लांटला जागा राहते.

म्हणून त्या सूचनांत पहिल्या तपासण्या दोन आठवडे, चार आठवडे, तीन महिने, सहा महिने आणि एक वर्ष अशा आहेत, नंतर किमान पाच वर्षं दरवर्षी. डॉक्टर उगाच बोलावत नाहीत. हे वेळापत्रक वडिलांना लिहूनच द्या.

सह्यकडा

मला मात्र या सगळ्याची भीती वाटते. प्रत्येक गोष्टीला एक्स-रे, आणि आता शहरात जाल तिथे सीबीसीटी. लहान मुलांना एवढं रेडिएशन द्यायचं? आमच्या एका नातेवाइकांच्या मुलाचं साधं रूट कॅनाल होतं, त्यालाही आधी सीबीसीटी काढून आणायला सांगितलं. मशीन घेतलंय म्हणून वापरायचं, असं मला वाटतं.

एक्सरेवाली

तुमची काळजी रास्त आहे आणि मुलांच्या बाबतीत तर जास्तच.

पण तिन्ही प्रकार एका पारड्यात घालू नका. एका आरव्हीजीचा डोस काही मायक्रोसिव्हर्ट असतो (हे रेडिएशन मोजायचं एकक, हजार मायक्रो म्हणजे एक मिलिसिव्हर्ट), बहुतेकदा दहाच्या आत. माती, हवा, अन्न आणि आकाशातून येणारं नैसर्गिक रेडिएशन जगाच्या सरासरीने वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे रोजचे सहा-सात मायक्रोसिव्हर्ट. ओपीजी साधारण दहा ते तीसच्या घरात. सीबीसीटीत मात्र फरक प्रचंड आहे. लहान भागाचा, कमी डोसचा स्कॅन शंभर मायक्रोसिव्हर्टच्या आत बसतो आणि दोन्ही जबड्यांचा, जास्त बारकाईचा स्कॅन कित्येक शेकड्यांत जातो. म्हणून "सीबीसीटी काढू का" या प्रश्नाला "किती भागाचा" हा प्रश्न जोडलाच पाहिजे. दोन दातांची शंका असेल तर दोन दातांचाच काढायचा.

साध्या रूट कॅनालला सरसकट सीबीसीटी, हे मलाही मान्य नाही. युरोपातल्या २०१२ च्या सेडेंटेक्स सीटी मार्गदर्शक सूचनांचा गाभा हाच आहे की आधी तपासणी, मग साधा एक्स-रे, आणि त्याने प्रश्न सुटला नाही, उत्तराने उपचार बदलणार असेल, तरच सीबीसीटी. पालकांनी विचारायचं ते एवढंच: यातून असं काय कळणार आहे ज्यामुळे तुम्ही वेगळं काही कराल?

दवाखान्यातली मशीन अणुऊर्जा नियामक मंडळाकडे नोंदवलेली असावी लागते. मंडळ आपल्या मुंबईतच, अणुशक्तीनगरला आहे आणि नोंदणी त्यांच्या ई-लोरा पोर्टलवर होते. नोंदणी आहे का, असं विचारणं हा तुमचा हक्क आहे, डॉक्टरांनी त्याचा राग मानू नये.

आणि किती पुढे आलो आहोत तेही बघा. रॉन्टजेनने क्ष-किरण शोधले ते नोव्हेंबर १८९५ मध्ये. दोनच महिन्यांत, जानेवारी १८९६ मध्ये, जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या ऑटो वाल्कहॉफ या दंतवैद्याने स्वतःच्या दातांचा एक्स-रे काढला. त्यासाठी तो पंचवीस मिनिटं जमिनीवर पडून होता. आज तेच काम सेकंदाच्या छोट्या भागात होतं.

सह्यकडा

हे व्यवस्थित समजलं, धन्यवाद. "तुम्ही वेगळं काय कराल" हा प्रश्न लक्षात ठेवतो. एकच शंका: परवा एका ठिकाणी शिशाचा एप्रन दिलाच नाही. ती हयगय नाही का?

एक्सरेवाली

आपल्याकडे अजून एप्रन देण्याचीच पद्धत आहे, त्यामुळे मागितलात तर द्यायला हवा. पण अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२४ मध्ये एप्रन आणि गळ्याचा पट्टा सरसकट वापरू नये असं सांगितलं. किरणांचा झोत सेन्सरपुरता आयताकृती आवळला, डिजिटल सेन्सर वापरला आणि विनाकारण एक्स-रे काढला नाही, तर डोस खरा तिथे कमी होतो. एप्रन चुकीच्या जागी आला तर ओपीजी बिघडतो आणि पुन्हा काढावा लागतो.

गोदाकाठ

पण सीबीसीटी नको नको म्हणूनही चालत नाही. माझ्या पुतणीचा वरचा सुळा हिरडीतून बाहेर आलाच नाही. ओपीजीत तो आडवा दिसला, शेजारच्या दाताचं मूळ "ठीक वाटतंय" असं म्हणाले. दुसऱ्या डॉक्टरांनी सुळ्याच्या जागेपुरतं सीबीसीटी काढलं तर त्या सुळ्याने शेजारच्या दाताचं मूळ टाळूच्या बाजूने अर्ध्यापर्यंत खाल्लं होतं. साध्या फोटोत ते का दिसलं नाही?

एक्सरेवाली

कारण साधा एक्स-रे ही सावली आहे. मुळाच्या पुढच्या किंवा मागच्या बाजूला खड्डा पडला तर त्याच्यासमोर उरलेलं मूळ त्याला झाकतं. डाव्या-उजव्या कडेला पडलेला खड्डा रेषेत खाच म्हणून दिसतो, टाळूकडचा दिसत नाही. डेन्मार्कच्या एका अभ्यासात, १९८७ मध्ये, मुद्दाम खड्डे पाडलेल्या मुळांचे एक्स-रे काढले. ०.६ मिलिमीटर रुंद आणि ०.३ मिलिमीटर खोल खड्डे कुठल्याही बाजूला असले तरी दिसले नाहीत. म्हणून "एक्स-रेत काही दिसत नाही" आणि "काही झालेलं नाही" ही दोन वाक्यं एक नव्हेत.

आणि अडकलेला सुळा हे तर त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण. स्वीडनचे एरिकसन आणि कुरोल यांनी २००० मध्ये वाट चुकलेल्या सुळ्यांची मुलं सीटीवर तपासली. त्या बाजूच्या ३८ टक्के दुसऱ्या पटाशींची आणि ९ टक्के मधल्या पटाशींची मुळं झिजलेली निघाली. साध्या एक्स-रेवर पूर्वी जे प्रमाण वाटत होतं त्याच्या कितीतरी वर. त्या मुलांना दुखलं नव्हतं.

हे वाचणाऱ्या प्रत्येक आईवडिलांना माझी मनापासून विनंती आहे. मूल नऊ-दहा वर्षांचं झालं की दंतवैद्याकडून वरच्या दुधाच्या सुळ्यांच्या वर, ओठाच्या बाजूने हिरडीवर बोट फिरवून घ्या. दोन्हीकडे पक्क्या सुळ्याचा उंचवटा लागायला हवा. एकीकडे लागतो आणि दुसरीकडे नाही, तर तिथला एक्स-रे काढायलाच हवा. कारण याच दोघांनी १९८८ मध्ये दाखवलं की दहा ते तेरा वर्षांच्या मुलांत नुसता दुधाचा सुळा काढला, तर टाळूकडे चाललेल्या ४६ पैकी ३६ सुळ्यांनी आपली वाट सुधारली. एक दुधाचा दात काढायचा, बस्स. तेराव्या-चौदाव्या वर्षी कळलं की ऑपरेशन, साखळी आणि वर्ष-दीड वर्षाची ओढ.

मधुमालती

भाचीला दहावं चालू आहे. याच आठवड्यात घेऊन जाते. आणखी एक, तिचाच आठ वर्षांचा भाऊ आहे. त्याच्या एक्स-रेत दुधाच्या दाढेला मूळच नव्हतं आणि पुढच्या नव्या दाताची मुळंही आखूड, टोकाला उघडी होती. तेही हेच का?

तारांगण

नाही, ते दोन्ही नैसर्गिक. पक्का दात वर येताना दुधाच्या दाताचं मूळ विरघळवत येतो, म्हणून दुधाचा दात शेवटी नुसत्या टोपीसारखा हातात येतो. आणि पक्का दात तोंडात दिसल्यावर त्याचं मूळ पूर्ण व्हायला आणखी तीनेक वर्षं लागतात. मधल्या पटाशीचं साधारण दहाव्या, बाजूच्या पटाशीचं अकराव्या वर्षी. तोवर मूळ आखूड आणि टोक उघडंच दिसणार.

कोकणकन्या

मला वेगळं विचारायचंय. वय ४१. वरच्या पुढच्या एका दातावर, हिरडीच्या अगदी कडेला गुलाबी ठिपका दिसतो. दुखत नाही. आरव्हीजी काढला. एक डॉक्टर म्हणाले आतून पोखरलंय, रूट कॅनाल करू. दुसरे म्हणाले बाहेरून पोखरलंय, हिरडी उघडून बघू. तिसऱ्यांना किडलेला दात वाटला. एकाच फोटोवर तीन मतं. कॉलेजात असताना ब्रेसेस होत्या.

एक्सरेवाली

तीन मतं आली याचं नवल नाही, कारण एका फोटोत तिन्ही सारखीच दिसू शकतात. हा माझा आवडता विषय, सविस्तर लिहिते.

गुलाबी रंग कुठून येतो? दात आतून किंवा बाहेरून पोखरून त्या पोकळीत रक्तवाहिन्यांनी भरलेली ऊती वाढते आणि पातळ उरलेल्या इनॅमलमधून तिचा रंग दिसतो. मुमेरी या ब्रिटिश दंतवैद्याने १९२० मध्ये याचं वर्णन केलं. पूर्वी गुलाबी दात म्हणजे आतलंच रिसॉर्प्शन असं धरत. प्रत्यक्षात मानेजवळ, हिरडीलगत गुलाबी दिसणारे बरेच दात बाहेरून पोखरलेले निघतात.

आता आरव्हीजी हातात घ्या आणि फक्त रूट कॅनालच्या दोन रेघा शोधा. मुळाच्या मधून जाणारी बारीक काळी वाट, तिच्या दोन कडा. त्या कडांवर बोट ठेवून खालून वर या. पोखरलेल्या काळ्या डागापाशी पोहोचल्यावर त्या रेघा बाहेर फाकून डागाच्याच कडा बनतात, डाग गुळगुळीत आणि बऱ्यापैकी गोलसर आहे, तर झीज आतली. आणि त्या रेघा डागाच्या आतून तशाच पुढे जाताना दिसतात, डाग त्यांच्यावर नुसता पसरलाय, कडा वेड्यावाकड्या आहेत, तर झीज बाहेरची. बाहेरच्या झिजेत नसेभोवतीचा एक पातळ थर शेवटपर्यंत तग धरतो, म्हणून ती रेघ टिकते. नवशिक्या विद्यार्थ्याला ही एक रेघ दाखवली की पुढे तो चुकत नाही.

मग दुसरा आरव्हीजी, नळी आडवी साधारण वीस अंश सरकवून. आतला डाग रूट कॅनालला सोडत नाही, कोन कोणताही असो, मधोमधच राहतो. बाहेरचा डाग कॅनालपासून बाजूला सरकतो. ज्या दिशेला नळी सरकवली त्याच दिशेला डाग सरकला तर तो टाळूच्या बाजूला, उलट दिशेला सरकला तर ओठाच्या बाजूला. शंभरहून जास्त वर्षं जुनी युक्ती आहे आणि फुकट आहे. तुमच्या तिन्ही डॉक्टरांनी एकच फोटो बघितला, म्हणूनच त्यांचं जमलं नाही.

किडीचं वेगळेपण तपासणीत कळतं. कीड टोकदार सळईला मऊ, चिकट लागते. रिसॉर्प्शनची पोकळी कडक लागते, कडा धारदार असते आणि आत जाताच भरपूर रक्त येतं. याशिवाय दाताच्या मानेशी एक्स-रेत नेहमीच एक काळसर पट्टा दिसतो, कारण तिथे वर इनॅमल आणि खाली हाड असल्याने मधला भाग तुलनेने काळा पडतो. दुसऱ्या कोनात तो पट्टा नाहीसा होतो किंवा बदलतो. तोही रिसॉर्प्शन समजला जातो.

तुमच्या बाबतीत मी लहान भागाचं सीबीसीटी काढायला सांगेन. सह्यकडांनी लक्षात ठेवलेला प्रश्न इथे लावून बघा: उत्तराने उपचार बदलतो का? पूर्ण बदलतो. आतली झीज असेल तर रूट कॅनालने थांबते. बाहेरची असेल तर ती किती खोल, मुळाभोवती किती पसरली आणि नसेच्या किती जवळ, यावर सगळं अवलंबून. ऑस्ट्रेलियाचे हेदरसे यांनी १९९९ मध्ये याचे चार वर्ग केले. त्यांच्या पद्धतीने उपचार केलेल्या दातांत पहिल्या दोन वर्गांत सगळे वाचले, तिसऱ्यात ७७.८ टक्के आणि चौथ्यात फक्त १२.५. लंडनच्या पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये सीबीसीटीवर आधारित नवी वर्गवारी दिली ती यासाठीच, कारण साध्या फोटोत उंची दिसते, घेर दिसत नाही. ब्रेसेसचा उल्लेख केलात ते बरं झालं. हेदरसेंच्या रुग्णांत एकटं कारण म्हणून सगळ्यात जास्त वेळा तेच आढळलं होतं. त्याखालोखाल मार.

उशीर मात्र करू नका. ठिपका आहे तेवढाच राहत नाही.

शेपटी_आणि_मिशा

मी पशुवैद्य आहे. मांजरांत दात पोखरण्याचा हा आजार इतका नेहमीचा आहे की दातांचे एक्स-रे काढल्याशिवाय मांजराचं तोंड तपासलं असं आम्ही म्हणत नाही. वर हिरडी थोडी लाल, खाली मूळ निम्मं गेलेलं. मूळ आणि हाड यांच्यामधली काळी रेघ दिसत असेल तर आख्खं मूळ काढावं लागतं, ती रेघ नसेल आणि संसर्गही नसेल तर वरचा भाग काढून मूळ तसंच ठेवता येतं. तुम्ही गुरुजींना सांगितलंत तेच. माणसांतल्या मानेजवळच्या रिसॉर्प्शनचा मांजरांच्या विषाणूशी संबंध आहे का, यावर स्वित्झर्लंडच्या फॉन आर्क्स यांनी २००९ मध्ये चार रुग्णांचा लेख लिहिला होता. संबंध सिद्ध झालेला नाही. मांजर पाळणाऱ्यांनी घाबरू नये, पण मांजर एका बाजूने चावत असेल किंवा अन्न तोंडातून खाली पाडत असेल तर दाखवा.

अबोली_ठाणे

होल्डर लावून आरव्हीजी काढून घेतले आणि नाशिकचा जुना ओपीजीही आला. मधल्या दोन दातांची मुळं ठीक आहेत, बाजूच्या दोघांची दुसरी प्रत. म्हणजे चारही नाहीत, पण काहीच नाही असंही नाही. नव्या डॉक्टरांनी न चिडता सगळं मोजून दाखवलं, ओढ थांबवली आहे आणि तीन महिन्यांनी त्याच होल्डरने परत आरव्हीजी काढणार आहेत. तारांगण, आठवून बघितलं, तिसरीत सायकलवरून पडली होती तेव्हा ओठ फुटला होता, तेही सांगितलं. तुम्हा दोघांचे आभार कसे मानू कळत नाही.

कोकणकन्या

मी सावंतवाडीजवळ राहते, इथे सीबीसीटी नाही. गोव्याला बांबोळीच्या डेंटल कॉलेजात जावं की कोल्हापूरला? आणि आरव्हीजी मला व्हॉट्सॲपवरच दिलाय, तो चालेल का?

एक्सरेवाली

तुम्हाला जे जवळ आणि सोयीचं ते. आधी फोन करून विचारा, लहान भागाचा स्कॅन होतो का ते. काही मशीनवर आख्खा जबडाच निघतो, तसं असेल तर दुसरीकडे जा. चिठ्ठीवर दाताचा क्रमांक आणि "फक्त या दाताचा" असं डॉक्टरांकडून लिहून घ्या.

व्हॉट्सॲपवरचा फोटो दाबून लहान झालेला असतो, त्यात रूट कॅनालची ती रेघच आधी जाते. दवाखान्यातून मूळ फाइल मेलवर किंवा पेनड्राइव्हवर मागा. सीबीसीटीची छापील फिल्म घेऊन थांबू नका, डायकॉम फाइल (स्कॅनची मूळ डिजिटल फाइल) असलेली सीडी किंवा लिंक घ्या, म्हणजे पुढचा डॉक्टर स्वतः दात सगळ्या बाजूंनी फिरवून बघू शकेल. रेडिओलॉजिस्टचा लेखी रिपोर्टही मागा. त्यात पोकळीची उंची, घेर आणि नसेपासूनचं अंतर या तिन्ही गोष्टी लिहिलेल्या हव्यात. नसतील तर परत पाठवून लिहून घ्या.